उजव्या कोपऱ्यात खाली एक टाका

कलाशाळेच्या तळमजल्यावरच्या संग्रहकक्षात विद्यार्थ्यांची कच्ची चित्रे जपून ठेवण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ग्रंथपालांनी मला सावध केले. "इलस्ट्रेशनच्या तिसऱ्या वर्षाला एक मुलगी आहे. तिच्या नादी लागू नका. तिचं काही सापडायचं नाही."

त्या मुलीला सगळी शाळा खोडू म्हणते. हे नाव तिच्या आत्याने ती सात वर्षांची असताना ठेवले. गृहपाठाचे एकच अक्षर ती इतक्यांदा खोडायची की कागदाला भोक पडायचे, आणि मग ओरडा बसू नये म्हणून त्या भोकामागे दुसऱ्या कागदाचा तुकडा चिकटवून त्यावर पुन्हा तेच अक्षर लिहायची. आत्या छापखान्यात मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात तीस वर्षे घालवलेली ही बाई घरी आल्यावर भाचीच्या वहीतली ठिगळे शोधायची. "जित्याची खोड," ती म्हणायची, आणि म्हण अर्ध्यावरच सोडायची, कारण पुढचा भाग पोरीसमोर म्हणणे तिला बरे वाटत नसे.

मला मात्र नेमकी हीच मुलगी हवी होती. चित्र कधी सुचते, हा माझा प्रश्न. चित्रकारांना विचारले तर "अचानक सुचलं" असे उत्तर मिळते, आणि त्या उत्तरावर माझा विश्वास नाही. अचानक सुचलेल्या गोष्टीच्या आधी पाच-सहा कागद असतातच. ते टोपलीत गेलेले असतात, एवढेच. खोडू टोपलीत काही टाकत नाही. ती एकाच कागदावर सारे काढते, पुसते, पुन्हा काढते. म्हणजे पुरावा सगळा एका जागी असतो; फक्त दिसत नाही. दिवा कागदाच्या कडेला आडवा धरला की पेन्सिलीने दाबलेल्या चरांच्या सावल्या वर येतात. त्या वाचता येतात, निदान वाचल्यासारखे वाटते.

तिसऱ्या वर्षाला 'ग्राहक-काम' नावाचा विषय असतो. बाहेरचे खरे ग्राहक शाळेला ब्रीफ देतात, म्हणजे आपल्याला काय हवे ते लिहून देतात, आणि विद्यार्थी त्यावर चित्र करतात. तीन कामांपैकी किमान एक ग्राहकाने मंजूर केले पाहिजे. तिन्ही नामंजूर झाली, तर विद्यार्थ्याला इलस्ट्रेशन सोडून मांडणी विभागात जावे लागते. मांडणी विभाग वाईट नाही. तिथे दुसऱ्यांनी काढलेली चित्रे पानावर नीट बसवायला शिकवतात. पण खोडूला तिथे जायचे नव्हते.

तिची दोन कामे नामंजूर झाली होती. पहिले दातांच्या दवाखान्याचे: लहान मुलांसाठी भिंतीवरचे चित्र. डॉक्टरांचा शेरा नोंदीत आहे: 'दात अचूक आहेत. म्हणूनच मुले रडली.' दुसरे सायकलवाल्याचे. ते ती द्यायच्या दिवसापर्यंत खोडतच राहिली आणि दिले ते करड्या धुक्यासारखे होते. सायकलवाला भला माणूस. "छान आहे," तो म्हणाला, "पण सायकल कुठाय?"

उरले तिसरे. ते एका बाईंच्या रफूच्या दुकानाचे होते.

ब्रीफ एका मळकट पुठ्ठ्यावर, निळ्या शाईने, ठळक अक्षरात लिहिलेले आहे. मूळ प्रत संग्रहात आहे. मजकूर जसाच्या तसा देत आहे:

'दुकानाच्या पाटीसाठी चित्र हवे.
आमचे काम दिसत नाही. दिसले तर ते काम वाईट.
सुई, कात्री, बटण नको. ते शिंप्याच्या पाटीवर असते.
लांबून कळले पाहिजे.
उजव्या कोपऱ्यात खाली एक टाका'

इथेच सगळा घोळ आहे. ग्राहक-काम शिकवणाऱ्या सरांनी पुठ्ठा वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि वर्गात विचारले, "एक काय टाका? शब्द राहिलाय बाईंचा." दुकान गल्लीच्या आतल्या अंगाला आहे, चष्म्याचे दुकान आणि झेरॉक्सचे दुकान यांच्यामध्ये पुस्तकाच्या कण्यासारखे अरुंद उभे. रस्त्यावरून पटकन दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी तर्क लढवला: बाईंना दिशा दाखवायची असणार. त्यांनी 'एक' आणि 'टाका' यांच्यामध्ये वर पेन्सिलीने लिहिले: 'बाण'. उजव्या कोपऱ्यात खाली एक बाण टाका. वाक्य पूर्ण झाले आणि कोणालाही शंका उरली नाही.

सरांनी आणखी एक गोष्ट केली, तिच्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. खोडूला त्यांनी बजावले, "या वेळी प्रत्येक फेरीला नवा कागद घ्यायचा. एकाच कागदाचा जीव घ्यायचा नाही. आणि रोजचे कागद तारीख घालून खाली संग्रहात जमा करायचे." त्यामुळे या कामाच्या एकोणतीस कागदांची नोंद माझ्यापाशी आहे.

पहिले अकरा कागद पाहिले तर तिचा विचार कसा चालतो ते थोडेफार कळते. आधी तिने दुकानात येणाऱ्या वस्तूंची यादी केली: कोपरावर झिजलेला स्वेटर, सिगरेटने जळलेला कोट, कुत्र्याने फाडलेली शाल. मग त्यांची आधीची आणि नंतरची जोडचित्रे. नंतरच्या चित्रात रफू दिसायला नको, म्हणून ते चित्र म्हणजे नुसता धडका कोट. धडका कोट तर कपड्यांच्या कुठल्याही दुकानाच्या पाटीवर चालेल. समासात तिने लिहिले आहे: 'नसलेली गोष्ट काढायची कशी? पुसून?' त्यापुढे प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलेले आहे. अकराही चित्रांच्या उजव्या कोपऱ्यात खाली एकेक बाण आहे. साधा बाण, वळणदार बाण, दोऱ्याचा बाण, एका चित्रात तर बाणाला टोकाजवळ रफू केलेले. बाणावर तिने जितका विचार केला तितका कोटावर केलेला दिसत नाही.

बारावा कागद घेऊन ती दुकानात गेली. मीही सोबत होतो. नोंद ठेवणे हे कारण पुढे केले होते, खरे तर कुतूहल होते.

दुकान म्हणजे एक खिडकी, एक उंच स्टूल, एक भिंग बसवलेला दिवा आणि छतापर्यंत लावलेल्या कप्प्यांत दोऱ्यांची रिळे. रफूवाल्या बाई साठीच्या असाव्यात. त्यांनी मांडीवरच्या पँटमधून नजर न उचलता कागद मागितला, खिडकीशी धरला आणि बराच वेळ पाहिला.

"हा बाण कसला गं?"

"तुम्हीच लिहिलंय ना, काकू. एक टाका."

"हो. टाका."

"मग टाकलाय की."

"कुठे टाकलायस? हा बाण आहे."

"बाणच टाकलाय."

"अगं, पण बाण कशाला टाकलास? मी टाका म्हटलं होतं."

"हो, पण काय टाका?"

बाईंनी पँट बाजूला ठेवली. "काय टाका म्हणजे? टाका! सुईचा टाका! हे बघ, हा, हा, हा. दिवसभर मी काय घालतेय मग, बाण?"

खोडूचे कान लाल झाले. मग तिला हसू फुटले, आणि मग बाईंनाही. "मग नुसतं 'टाका काढा' असं लिहायचं ना, काकू."

"'टाका काढा' लिहिलं असतं, तर तुझ्या सरांनी शिवण उसवायला बसवलं असतं तुला."

हसणे ओसरल्यावर खोडूने विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला: टाका का, आणि एकच का, आणि उजव्या कोपऱ्यातच का? माझ्या मते या कामाची खरी सुरुवात इथे झाली; बाराव्या कागदानंतर.

बाईंनी एक कोट उलटा केला. आतल्या बाजूला, अस्तराच्या कडेशी, उजवीकडे खाली लाल दोऱ्याचा एकच तिरका टाका होता. "आपलं काम दिसत नाही, ते गिऱ्हाइकाला नाही आणि मलाही नाही. सहा महिन्यांनी कोट परत आला, 'बाई, त्याच जागी पुन्हा उसवलंय' म्हणाले, तर मी कुठे शोधू? म्हणून बाहेर जिथे रफू, तिथेच आतून एक लाल टाका घालून ठेवायचा. बहुतेक कोट उजव्या खिशाशीच झिजतात, म्हणून बहुतेक टाके उजवीकडे खाली. ही माझी खूण. दुसऱ्या कोणाच्या कामात नाही सापडणार."

"आणि दोरा कुठून आणता? रंग इतका कसा जुळतो?"

"दोरा आणतच नाही. कापड शिवताना आत माया ठेवलेली असते ना, शिवणीच्या आत दुमडलेली जादा पट्टी, तिच्यातून त्याच कापडाचे धागे ओढायचे आणि भोकात विणायचे. माया ठेवली नसेल तर मी काम घेत नाही. सरळ सांगते, तुमच्या कपड्यात माया नाही."

आम्ही परत निघालो. वळणावर खोडू थांबून म्हणाली, "समास म्हणजे कागदाची माया." मला वाटले, कोटीच केली आहे.

पुढचे दहा दिवस तिने भराभर काम केले. कागद तेरा ते बावीस. चौकडीच्या कापडाचा एक सबंध तुकडा, जवळून पाहिलेला, प्रत्येक उभा-आडवा धागा वेगळा काढलेला. आणि उजव्या कोपऱ्यात खाली एकच लाल तिरका टाका. सरांनी बाविसावा कागद पाहिला आणि तो वर्गात फिरवला. "आता याला खोडरबर लावायचा नाही. हात लावलास तर मी तुझा रबर जप्त करीन."

ती बाईंकडे गेली. बाईंनी चित्र खिडकीशी धरले. चेहरा उजळला. मग त्यांनी टाक्यावर बोट ठेवले.

"टाका इथे. मग रफू इथेच ना?"

"हो."

"केलंयस?"

"काय?"

"रफू."

"काकू, ते... दिसत नाही ना. म्हणजे आहे असं समजायचं."

"समजायचं?" बाईंनी कागद परत केला. आवाज चढला नव्हता. "बाळ, रफू दिसत नाही आणि रफू नाही, या दोन गोष्टी आहेत. टाका आहे म्हणजे त्या जागी काम झालेलं आहे. न केलेल्या कामावर मी आजवर खूण घातलेली नाही. पाटीवर कशी घालू?"

"पण चित्रात कोणाला कळणार?"

"मला कळेल. रोज सकाळी कुलूप काढताना."

शाळेत हा निरोप पोचल्यावर सर वैतागले. त्यांच्या मते बाईंनी कारण नसताना अडवणूक चालवली होती. "चित्रातलं सफरचंद कोणी चावून बघतं का?" ते म्हणाले. युक्तिवाद बिनतोड आहे. मलाही तेव्हा पटला होता. मंजुरीचा फॉर्म आठ दिवसांत भरून यायचा होता. सरांनी सल्ला दिला, "लाल टाका काढून टाक. नुसतं कापड दे. हो म्हणतील." खोडू घरी गेली आणि आत्यासमोर बसून रडली. ही माहिती आत्याची. खोडू म्हणते, सर्दी झाली होती.

आत्याने पुठ्ठ्यावरचे ब्रीफ मागून घेतले आणि छापखान्यात वाचते तसे, बोट ठेवून, एकेक अक्षर वाचले. "बाकीच्या ओळींना पूर्णविराम आहे. शेवटच्या ओळीला नाही. म्हणजे ते वाक्य नाही. कोणाला काही करायला सांगितलेलं नाही. ती वस्तू आहे. हे मी तुला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

"कधी सांगितलंस?"

"तू खोडत होतीस. ऐकतेस कुठे तेव्हा?"

"आता काय उपयोग, आत्या. टाका कळला गं. पण त्यांना भोकच पाहिजे."

"मग पाड की. लहानपणी काय कमी पाडलीस?"

ही वाक्ये दोघींनी मला स्वतंत्रपणे सांगितली आणि ती बरीचशी जुळतात, म्हणून दिली आहेत. तिथून पुढचे पुरावे कागदांवर आहेत.

तेविसावा कागद: चौकडी काढून झाल्यावर उजव्या कोपऱ्यात खाली रबराने घासून पाडलेले भोक, साधारण अंगठ्याच्या नखाएवढे. कडा फाटक्या. मागून लावलेला तुकडा वेगळ्या कागदाचा, किंचित पिवळट. लगेच ओळखू येतो. चोविसावा: तुकडा त्याच कागदाचा, पण चौकोनी कापलेला, उजेडाला धरल्यावर खिडकी दिसावी तशी चौकट दिसते. पंचविसाव्यात तिने कापणे सोडून फाडायला सुरुवात केली, कारण फाटलेल्या कडेला तंतू सुटतात. सव्विसाव्यात तिने समास ओला करून बोथट सुरीने खरवडला आहे. त्याच कागदाच्या समासातले तंतू, पातळ खळ, भोकाच्या कडांवर थरावर थर. मग चमच्याच्या पाठीने घासणे आणि आत्याच्या शब्दकोशाखाली रात्रभर दाब. समासात नोंद: 'माया उजवीकडून काढली.' वळणावर ऐकलेली ती कोटी नव्हती.

भोक बुजले की चौकडीच्या तुटलेल्या रेघा पुन्हा जुळवायच्या. सत्ताविसाव्यात एक उभी रेघ अर्ध्या मिलिमीटरने हुकली. अठ्ठाविसाव्यात रेघा जुळल्या, पण नवा थर पेन्सिल जास्त पितो, त्यामुळे रंग गडद झाला. एकोणतिसाव्यात दोन्ही जमले.

मी तिला विचारले, ही युक्ती नेमकी कधी सुचली? "मला सुचलं नाही हो. मला तर हे लपवायची सवय होती. ते आता दाखवायचं होतं, पण दिसू न देता." मग नाक पुसून म्हणाली, "लिहून घेऊ नका. चुकीचं वाटेल."

मुदतीच्या आदल्या दिवशी आम्ही एकोणतिसावा कागद घेऊन गेलो. सरही आले. त्यांना कोणी बोलावले नव्हते.

बाईंनी हात धुतले, पुसले, कागद काउंटरवर ठेवला. टाक्यापाशी भिंग धरले. मग डोळे मिटले आणि अंगठ्याचे नख कागदावरून हलके ओढत नेले: डावीकडून उजवीकडे, मग परत.

"हं," त्या म्हणाल्या. "इथे कागद वेगळा बोलतो."

"दिसतंय?"

"दिसत नाही. ऐकू येतं. नखाला. म्हणजे केलंयस." त्यांनी कागद उलटा केला, पाठीमागून पाहिला. "धागे कुठून घेतलेस?"

"समासातून. याच कागदाच्या."

बाईंनी मान हलवली; होकाराची की नुसती ऐकल्याची, ते सांगणे कठीण. "आता माझी चौथी ओळ. लांबून कळलं पाहिजे."

त्यांनी कागद पुठ्ठ्याला चिमटा लावून दारावर टांगला आणि शेजारच्या चष्मेवाल्यांना हाक मारली. "भाऊ, जरा समोरच्या फुटपाथवर जा आणि इथे काय चालतं ते सांगा. दुकान ओळखत नाही असं समजून सांगा."

"तीस वर्षं शेजारी आहे मी तुमच्या."

"तेवढ्यापुरतं विसरा."

चष्मेवाले रस्ता ओलांडून गेले, कमरेवर हात ठेवून पाहिले आणि ओरडून म्हणाले, "कापड! चौकडीचं! चांगलंय!" मग दोन पावले पुढे आले. पुन्हा दोन. रस्त्याच्या मधोमध एका स्कूटरवाल्याने त्यांना शिवी हासडली. ते थेट चित्रापाशी आले, वाकले आणि लाल रेघेवर बोट ठेवून बाईंना हळूच, जणू गिऱ्हाइकांसमोर लाज नको म्हणून, म्हणाले, "अहो, एक टाका राहिलाय बघा तुमचा."

सरांनी डोळे मिटले. खोडू माझ्याकडे पाहून पुटपुटली, "संपलं." लांबून रफू कळले नव्हतेच, कळली होती ती चूक, आणि तीही बाईंची.

बाई मात्र चष्मेवाल्यांकडे पाहत होत्या. "भाऊ, तुम्ही तिकडून इथवर कशाला आलात?"

"अहो, राहिलेला टाका! दिसल्यावर सांगायला नको? उद्या लोक हसतील."

"मग लोकही येतील सांगायला."

"येतीलच. मी नाही आलो?"

"आत येतील. 'बाई, एक टाका राहिलाय.' मी म्हणेन, राहिला नाही, ठेवलाय. का ठेवला, विचारतील." बाई हसल्या नाहीत, पण आवाज हसत होता. "गल्लीतून आत आलेलं माणूस मी रिकाम्या हाताने कशाला सोडू? त्या बाणाने आणलं असतं का हो कोणाला इथवर?"

शेवटचे वाक्य सरांसाठी होते. सरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पुसायला लागले.

फॉर्म काउंटरवर होता. बाईंनी 'मंजूर' या शब्दापुढे खूण केली, सही केली. मग सुईत लाल दोरा ओवला आणि फॉर्मच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक तिरका टाका घातला. "कशाला?" सरांनी विचारले. "तपासलं, म्हणून." शाळेच्या कार्यालयाने तो फॉर्म आधी परत पाठवला, 'कागद टाचणीने जोडू नयेत' असा शेरा मारून. दुसऱ्यांदा स्वीकारला. खोडू इलस्ट्रेशनलाच राहिली.

पाटीवर चित्राची मोठी छापील प्रत आहे. छपाईत रफू उरत नाही. तिथला कागद सलग आहे. ही शंका मी बाईंपुढे मांडली, तेव्हा त्यांनी आतल्या भिंतीकडे बोट दाखवले. मूळ चित्र त्यांनी काउंटरच्या मागे लावले आहे, बाहेरच्या पाटीच्या बरोबर पाठीशी. बाहेर जिथे छापील टाका, आत त्याच उंचीवर खरा. त्यामुळे एकोणतिसावा कागद संग्रहात नाही. नोंदवहीत 'दुकानात' असे लिहिले आहे.

एक गोष्ट राहिली. सगळे कागद आडव्या उजेडात पुन्हा तपासताना चौथ्या कागदावर, बाणाच्या खाली, पुसलेल्या एका रेघेचा चर सापडला. लांबी नऊ मिलिमीटर, तिरकी, एकटी. कागदावर तारीख पहिल्या दिवसाची आहे. सरांनी 'बाण' हा शब्द दुसऱ्या दिवशी लिहिला; त्यानंतर खोडूने पहिल्या दिवसाचे कागद परत नेऊन त्यांवरही बाण काढले होते. म्हणजे खोडूने ती ओळ आधी बरोबर वाचली होती, टाका काढला होता, आणि सरांचा शब्द पाहून तो पुसला होता काय? की ती नुसती बाणाची अर्धवट दांडी? कागदाची तारीख पहिल्या दिवसाची असली, तरी रेघेला तारीख नसते.

खोडूला आठवत नाही. आत्याला अर्थातच आठवते: "सांगितलं होतं ना मी!" सर म्हणतात, दांडी. शेवटी तो कागद बाईंकडे नेला. त्यांनी नख फिरवले. "दोन्ही टोकांना खोल आहे, मधे उथळ. घाईने ओढलेली रेघ सुरुवातीला खोल असते आणि शेवटी सुटते. ही दोन्हीकडे आत गेलीय. टाकाच आहे हा."

मी नोंदीत लिहिले: 'रफूकाम करणाऱ्या ग्राहकाच्या मते टाका. संग्राहकाचे मत राखीव.'

खोडू ते वाचत माझ्या खांद्याशी उभी होती. तिने काही वाद घातला नाही. फक्त विचारले, "म्हणजे पहिल्यांदा आलेलं बरोबर असू शकतं? आणि मी ते पुसलं असू शकतं?"

"असू शकतं."

"शाईने काढलं असतं तर?"

"तर मला दिवा आडवा धरावा लागला नसता."

परवा तिचे पुढचे काम सुरू झाले. ग्राहक लिफ्टची दुरुस्ती करणारे आहेत. ब्रीफची एकच ओळ आहे: 'लोकांना भीती वाटू नये.' पहिला कागद सकाळी खाली जमा झाला. मधला भाग पेन्सिलीचा, आताच निम्मा पुसलेला. पण उजव्या कोपऱ्यात खाली, खोडता येऊ नये अशा काळ्या शाईत, एक छोटासा जिना आहे आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह.